दिवाळीबाई आणि दीपाली

आज एका नावाविषयी बोलायचं आहे. हे नाव तुमच्या गटातही असेल, कदाचित दोघी-तिघींचं असेल. दीपाली.

मी बोलते आहे ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून. ही जुनी औद्योगिक वसाहत. एमआयडीसीचा कारभार १ ऑगस्ट १९६२ ला सुरू झाला तो इथूनच. कारखाने आले, त्यामागे माणसं आली. साताऱ्या-सांगलीची, कोकणातली, खानदेशातली, जव्हार-मोखाड्याकडची. किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या वस्त्या त्या माणसांनी भरल्या. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की चेकनाक्याकडे जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात “ए दीपाली” अशी हाक मारून बघा, एकीला दोघी मागे वळतील. त्यातल्या एखादीला आजीचं नाव विचारलं की ती जरा हसते, आणि आवाज खाली आणून सांगते, “दिवाळीबाई.”

आवाज खाली का आणायचा, हेच मला आज विचारायचं आहे. कारण आजीचं आणि नातीचं नाव एकच आहे. अगदी अक्षरशः एक. ते कसं, ते आधी बघू.

दीपाली हा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला शब्द. त्यात दोन तुकडे आहेत, दीप आणि आली. दीप म्हणजे दिवा, हे सगळ्यांना माहीत आहे. आली म्हणजे काय? आली म्हणजे रांग, ओळ. हा शब्द परका वाटतो, पण तो तुमच्या गावात आहे. तांबट आळी, कुंभार आळी, सोनार आळी म्हणतो ना आपण? घरांची रांग म्हणजे आळी. ठाण्यात स्टेशनापासून जवळच खारकर आळी आहे. त्या आळीतली ‘आळी’ आणि दीपालीतली ‘आली’ एकच. घरांची असली की आळी, दिव्यांची असली की दीपाली. संस्कृतात आलीचा आणखी एक अर्थ आहे, सखी, मैत्रीण. त्यामुळे बारशाच्या नावांच्या पुस्तकात कुणी ‘दिव्याची सखी’ असा अर्थ दिला तर तो ओढूनताणून आणलेला असला तरी खोटा म्हणता येणार नाही. पण नाव पडलं ते रांगेवरून.

आता दिवाळी. मूळ शब्द दीपावली. दीप आणि आवली. आवली म्हणजेही रांगच. आपण वहीत लिहितो ती ‘ओळ’ याच आवलीपासून झिजत झिजत झाली. म्हणजे दिवाळी म्हणजे दिव्यांची ओळ, आणि दीपाली म्हणजेही दिव्यांची ओळ. अर्थात तसूभर फरक नाही.

मग रूप वेगळं का? तोंडामुळे. शब्द पुस्तकात राहिला तर तसाच राहतो, लोकांच्या तोंडी पडला की घासला जातो. संस्कृतातून प्राकृतात येताना शब्दाच्या मधला प पुष्कळदा व झाला. कपाटाचं कवाड झालं. कपर्दिकेची कवडी झाली. तसाच दीपाचा दिवा झाला. आणि मराठीत येताना मधल्या ल चा ळ झाला. फल होतं त्याचं फळ, माला होती तिची माळ, काल होता त्याचा काळ. या दोन्ही गोष्टी दीपावलीला लागू करा. प चा व, ल चा ळ, मधली एक ‘व’ गिळून टाका, कारण घाईत बोलणारा माणूस दोनदा ‘व’ म्हणत बसत नाही. राहिली दिवाळी. नदीतला गोटा जसा शेकडो पावसाळे घासून गुळगुळीत होतो तसा हा शब्द आहे. दीपाली हा खाणीतून नुकता काढलेला दगड, कडा शाबूत असलेला. दगड तोच.

इथे एक सांगून टाकते, नाहीतर पत्रं येतील. शेवटी ‘आली’ असलेल्या सगळ्याच नावांत रांग नसते. वैशाली हे जुन्या नगरीचं नाव. शेफाली फुलाचं. प्रणाली म्हणजे पाट, वाहण्याचा मार्ग, आणि त्यावरून पद्धत. चैत्राली मात्र आपल्याकडे हल्ली चैत्रावरून पाडलेलं नाव, दीपालीच्या चालीवर.

आता दुसरा मुद्दा. दिवाळी हे नाव गावंढळ आहे, आणि दीपाली हे शुद्ध आहे, असं जे मनात बसलेलं असतं त्याचं काय? त्याला माझं एकच उत्तर आहे, ज्ञानेश्वरी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. तिच्या चौथ्या अध्यायात, देव अवतार का घेतो हे समजावताना, त्यांनी योग्यांच्या कायमच्या आनंदाला काय म्हटलं आहे? दिवाळी. दीपावली म्हणणं त्यांना अवघड नव्हतं, संस्कृत त्यांना येत होतं. पण त्यांनी बायाबापड्यांच्या तोंडातला शब्द घेतला. ज्ञानदेवांना जो शब्द देवाच्या तोंडी घालायला हलका वाटला नाही, तो आपल्या आजीच्या नावाला हलका कसा?

शब्द त्याच्याही आधीचा आहे. इसवी सन १०३० च्या सुमाराला अल्बेरुनी नावाच्या परदेशी विद्वानाने भारतावर अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या सणाचं नाव ‘दिबाली’ असं नोंदलं आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच लोक दीपावलीची झिजवलेली रूपं बोलत होते. या दिवशी वर्षातून एकदा लक्ष्मी बळीला बंदीतून मोकळं करते, ही गोष्टही त्याने लिहून ठेवली आहे. पाडव्याला बळीची आठवण काढणाऱ्या आपल्या घरांना ती परकी वाटणार नाही. त्याच्याही मागे गेलं तर सातव्या शतकात हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात याच सुमाराच्या उत्सवाला ‘दीपप्रतिपदुत्सव’ असं भलंमोठं नाव आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी असे जुने दाखले शोधून दिवाळीचा इतिहास जुळवला. सणाला नावं अनेक होती. टिकलं ते लोकांच्या तोंडात बसणारं.

सणाचं नाव मुलीला का ठेवत? हौस म्हणून ठेवतच, पण त्यात एक सोयही होती. घरात कागद नव्हता, पाटी नव्हती, तारीख लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. मग लेकराच्या नावातच दिवस बांधून ठेवायचा. दिवाळीत झाली ती दिवाळी. गोकुळाष्टमीला झाला तो गोकुळ, मुलगी असेल तर गोकुळा. नागपंचमीची नागू. कार्तिकी एकादशीच्या सुमाराची कार्तिकी. वारली, ठाकर, कातकरी घरांत वारावरून नावं असतात, सोमवारची सोमी, मंगळवारची मंगळी, बुधवारची बुधी. सातपुड्यात भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये होळीबाई भेटते, दिवाल्या भेटतो. हे अडाणीपणाचं लक्षण नाही, हा त्या घराचा जन्मदाखला आहे. आणि तो बिनचूक आहे. नाव दिवाळी म्हणजे जन्म अश्विन वद्य बारस-तेरसेपासून कार्तिक शुद्ध बीजेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातला.

आता तिच्या आधारकार्डावर काय असतं बघा. जन्मतारीख १ जून! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तारीख कुणाला सांगता येत नसे, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. दिवाळी नावाची बाई जूनमध्ये जन्माला आली असं सरकारदरबारी लिहिलेलं असतं, आणि खरी तारीख तिच्या नावात उघडी पडलेली असते. ती कुणी वाचत नाही इतकंच.

सणावरून नाव ठेवणारे आपण एकटे नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत पास्कल हे नाव सर्रास आहे, ते ईस्टरच्या सणावरून. नोएल म्हणजे नाताळ. मुसलमान घरात रमजान नावाचे काका असतात. शेजारच्या गुजरातेत दिवाळीबेन भील या लोकगायिका होऊन गेल्या. आदिवासी घरातल्या. त्यांना १९९० साली पद्मश्री मिळाली, तीही दिवाळीबेन याच नावाने. नाव बदलून दीपाबेन करावं असं त्यांना वाटलं नाही.

आपल्याकडे मात्र बदललं. कसं बदललं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण बहुतेक वेळा ते बाईला न विचारता बदललेलं असतं.

पहिला बदल शाळेच्या हजेरीपटावर. घरी दिवाळी, पण नाव घालताना समोरच्या शिकलेल्या माणसाला ते बरं वाटत नाही, तो आपणच ‘दीपाली’ लिहितो. मनात वाईट नसतं. मुलीला वर्गात चिडवू नये असंही असेल, कारण पोरं “दिवाळं निघालं” म्हणून चिडवतात. (पूर्वी धंदा बुडालेला व्यापारी पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवी, त्यावरून दिवाळं, असं या शब्दाचं मूळ सांगतात. म्हणजे तिथेही दिवाच आहे, पण मुलीच्या नावाशी त्याचा संबंध नाही.) दुसरा बदल लग्नात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं जातं, सगळे वाकून बघतात, पेढे वाटले जातात. दिवाळीची दीपाली झालेली असते ती आता आणखी तिसरीच कुणी होते. तिसरा बदल शहरात. गावाकडून वागळे इस्टेटला आलेली बाई नोकरीला लागताना, घर भाड्याने घेताना स्वतःच ‘दीपाली’ सांगते, कारण दिवाळी म्हटलं की समोरचा दोनदा विचारतो.

ज्या बाईला दीपाली आवडतं तिने खुशाल दीपाली व्हावं. नाव बदलणं हा तिचा हक्क आहे. लेकीचं नाव दीपाली ठेवणारी आईही काही चुकत नाही, उलट तिने नकळत आजीचं नाव राखलं आहे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याने परस्पर ‘सुधारून’ देण्याला. सुधारायला ते नाव मुळात मोडलेलंच नव्हतं.

आणि अशा परस्पर सुधारण्याची किंमत बाईच मोजते. माझ्या ओळखीतल्या एका बाईचं उदाहरण सांगते, नाव-गाव सांगत नाही. रेशनकार्डावर दिवाळी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दीपाली. आधारवर दिपाली, पहिली ‘दि’ ऱ्हस्व. बँकेच्या पासबुकावर सासरचं नाव. इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांची, एकात ‘डी-आय’, एकात ‘डी-ई-ई’. तिच्या लेखी ती एकच बाई. कॉम्प्युटरच्या लेखी चार. पासपोर्ट सेवा केंद्र इथे वागळे इस्टेटमध्येच, तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण तिथे जायच्या आधी तिला कागद जुळवत दोन तालुके फिरावं लागलं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे परदेशी जायचंय? पासपोर्ट नको, पण योजनेचे पैसे हवेत ना? ते आधार जोडलेल्या खात्यात येतात. गटाचं कर्ज बँकेतून घ्यायचं तर अध्यक्ष-सचिवांची नावं कागदोकागदी जुळावी लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची. २००५ च्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. वडील गेल्यावर वारस नोंदीत माहेरचं नाव लागतं, दिवाळी. तलाठ्यापुढे उभी राहते ती मात्र दीपाली, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावलेली. दोघी एकच हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर. भाऊ चांगला असेल तर तो सोबत येतो. नसेल तर एवढीशी फट त्याला पुरते.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आपले सगळे कागद पिशवीतून घेऊन या, आणि शेजारणीला मोठ्याने वाचायला सांगा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पॅन, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, माहेरचा सातबारा असेल तर तोही. फरक कुठे आहे तो वहीत लिहा. मग ठरवा, आपलं नाव कोणतं. हे ठरवायचं तुम्ही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, पहिलं नावही नाही आणि आडनावही नाही. एकदा ठरलं की बाकीचे कागद त्याच्याकडे वळवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईने तिथे जाऊ नका, आधी पुरावा हातात घ्या. लग्नाने बदललेलं नाव असेल तर लग्नाचा नोंदणी दाखला लागतो. दिवाळीची दीपाली किंवा उलट असा पूर्ण बदल असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे लोक ज्याला गॅझेट म्हणतात त्यात, नाव छापून घेणं हा पक्का रस्ता. त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो. आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ते जपून ठेवा. माहेरच्या कामाला ते उपयोगी पडतं.

आणखी एका कारणासाठी हे आता तातडीचं झालं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव येतं. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे तुमचं नाव आता तुमच्यापुरतं राहिलं नाही. ते लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर, पुढे त्याच्या नोकरीच्या कागदावर मधोमध बसणार. तिथे दीपाली बसणार की दिपाली की दिवाळी, हे बाळंतपणाच्या धामधुमीत दवाखान्यातल्या फॉर्मवर दुसऱ्याच कुणी लिहून जाऊ नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तिथे १ जून चालायचा नाही.

शेवटी लिहिण्याचं. पुष्कळजणी विचारतात, दीपाली की दिपाली? व्याकरणाने दीपाली, पहिली वेलांटी दुसरी, कारण दीप हा शब्द संस्कृतातला आणि त्यातली ‘दी’ दीर्घ. दिवाळीत मात्र पहिली ‘दि’ ऱ्हस्व, कारण मराठीत घासून आलेल्या शब्दात शेवटचं अक्षर दीर्घ आणि त्याआधीची वेलांटी ऱ्हस्व असते. पणती लावायचा दिवा ऱ्हस्वच ना? तसंच. पण तुमच्या सगळ्या कागदांवर आधीच एकसारखं ‘दिपाली’ असेल तर व्याकरणासाठी ते बदलायला जाऊ नका, तेच तुमचं नाव. आणि इंग्रजी स्पेलिंग कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. कुणी विचारलं की तोंडी सांगू नका, चिठ्ठी पुढे करा, आणि पावती हातात आली की खिडकीसमोरून हलण्याआधी एकदा वाचा.